कोणाच्या लग्नात?

‘मी पार्टीची जान असतो.’

गेल्या जूनमध्ये एका स्वभाव-चाचणीतल्या या वाक्याशी मी दोन दिवस झटत होते. इंग्रजीत ते साधं आहे. मराठीत आणायला गेलं की बोटांतून निसटतं. आमच्या चाकणच्या कारखान्यात पार्टी म्हणजे एकतर ढाब्यावरची, आणि तिथं कोण कशाची जान असतं हे ऑफिसच्या कागदावर कोणी लिहून देणार नाही. नाहीतर मग निवडणुकीतली पार्टी. ‘कार्यक्रमात मी रंगत आणतो’ असं करून बघितलं, तर ते ऑर्केस्ट्राच्या निवेदकाचं वाक्य वाटलं. शेवटी कंटाळून लिहिलं, ‘लग्नकार्यात मी सगळ्यांत मिसळून हसतखेळत असतो.’ खाली पाच चौकोन. ‘अजिबात लागू नाही’पासून ‘पूर्ण लागू’पर्यंत.

पहिल्याच बॅचला, ट्रेनिंग रूममध्ये, हीट ट्रीटमेंटच्या एका सुपरवायझरनं हात वर केला.

“मॅडम, कोणाच्या लग्नात?”

“कोणाच्याही.”

“असं कसं? मुलाकडचा असलो तर असतो की हसतखेळत. मुलीकडचा असलो तर पंगतीत वाढत असतो. बहिणीच्या लग्नात तर मी दिवसभर जेवलोसुद्धा नव्हतो.”

सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, “सरासरी काढा.” त्यानं मधला चौकोन रंगवला. त्याचं बघून शेजारच्या तिघांनीही मधलाच रंगवला.

मी या कारखान्यात एचआर बघते. पर्सोनेल मॅनेजमेंटचं एमपीएम झाले तेव्हा आमच्या खात्याला पर्सोनेल म्हणत. पुढे एचआर झालं, आता दारावर ‘पीपल अँड कल्चर’ अशी पाटी आहे. कामगार मात्र पहिल्यापासून ‘टाइम ऑफिसच्या वरचं ऑफिस’ म्हणतात आणि तेच सगळ्यात अचूक आहे. या चाचणीचं खूळ वरून आलं. नव्या मुली-मुलं टिकत नाहीत, जुने जाणते एकेक करून रिटायर होताहेत, मधले सतत वैतागलेले असतात, तेव्हा प्रत्येक वयोगटाला नेमकं काय ‘मोटिव्हेट’ करतं ते शोधा, असा साहेबांचा आदेश. एक सल्लागार आले. त्यांच्याकडे ५० विधानांची चाचणी इंग्रजीत आणि हिंदीत होती. मराठी आमच्याकडून हवी होती, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

भाषांतर करताना मला एक शोध लागला. यातली बरीचशी विधानं लुईस गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं उभ्या केलेल्या, सगळ्यांना फुकट वापरता येणाऱ्या संग्रहातली होती. सल्लागारांचं बिल मीच पास करते. असो.

*

या चाचण्यांच्या वंशावळीत मला रस आहे, कारण ती एखाद्या कौटुंबिक मालिकेसारखी आहे. जगात सगळ्यात खपणारी व्यक्तिमत्त्व-चाचणी म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. माणसांचे १६ प्रकार, प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरं. ती कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी रचली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. कॅथरीनबाईंना माणसांच्या प्रकारांचा नाद लागला, त्याचं एक कारण असं सांगतात की इसाबेलनं लग्नासाठी निवडलेला मुलगा त्यांच्या घरातल्या कोणासारखाच नव्हता. म्हणजे मूळ प्रश्न जावई समजून घेण्याचा! आपल्याकडे जावयाला दशमग्रह म्हणून विषय मिटवला. तिकडे त्यातून उद्योग उभा राहिला. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचा १९२१ सालचा जर्मन ग्रंथ इंग्रजीत आला, त्यातले अंतर्मुख-बहिर्मुख कॅथरीनबाईंना सापडले. दुसऱ्या महायुद्धात बायका प्रथमच मोठ्या संख्येनं कारखान्यांत कामाला लागल्या, तेव्हा कोणती बाई कोणत्या कामाला बरी हे कळावं म्हणून इसाबेलनं प्रश्नावली करायला घेतली. गंमत म्हणजे ही चाचणी विकणारी कंपनी आज स्वतःच सांगते की नोकरीवर घेताना किंवा नाकारताना ती वापरू नका. लोक वापरतात.

त्याआधी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी रॉबर्ट वुडवर्थनं हो-नाही प्रश्नांची यादी केली होती. तोफांच्या माऱ्यात कोणाची मनं खचतील ते भरतीच्या वेळीच ओळखावं हा हेतू. यादी कामाला यायच्या आत लढाई संपली.

आणि माझा आवडता, बर्ट्रम फोरर. १९४८ साली या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात त्याचं स्वतःचं व्यक्तिमत्त्व-वर्णन ठेवलं. हे तुम्हाला कितपत लागू पडतं, पाचांपैकी गुण द्या, म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्यानं सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बराचसा रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेल्या भविष्याच्या पुस्तकातून उचलला होता. ‘तुम्ही बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता’ असल्या थाटाची वाक्यं. रविवारच्या पुरवणीत राशिभविष्य वाचून “अगदी बरोब्बर लिहिलंय हं” म्हणणारी माझी सासू त्या वर्गात असती तर तिनं पाच दिले असते.

मी सगळंच मोडीत काढत नाही. आमच्या चाचणीत सोळा प्रकार नव्हते, पाच मापं होती, आणि ती मापं बऱ्यापैकी तावूनसुलाखून घेतलेली आहेत. त्यातलं एक माप, नेटकेपणा, जबाबदारी, दिलेलं काम तडीस नेणं, हे कामाच्या दर्जाशी खरोखर जुळतं, अगदी वेगवेगळ्या व्यवसायांत. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून हे दाखवलं. पण ‘जुळतं’ याचा अर्थ ढगाळ हवा पावसाशी जुळते तितपतच. ढग बघून पेरणी करायची की नाही हे ज्याचं शेत त्यानं ठरवायचं.

*

तर बॅच चालू होत्या. पहिल्या बॅचचा तो लग्नाचा प्रश्न मला सोडत नव्हता, कारण पुढच्या प्रत्येक विधानावर तसाच प्रश्न येत होता.

‘मी माझ्या वस्तू इकडेतिकडे टाकतो.’ “घरी का इथं?” इथं टाकून चालतच नाही. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत, प्रत्येक पान्याला बोर्डावर त्याच्या आकाराची सावली रंगवलेली आहे. घरी विचाराल तर बायकोला विचारा.

‘मला सहज ताण येतो.’ “मार्च एंडला का एरवी?”

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली हेच जाडजूड पुस्तकात मांडून आपल्या क्षेत्रात खळबळ उडवून दिली होती. माणूस एका प्रसंगात जसा वागतो त्यावरून दुसऱ्या प्रसंगात कसा वागेल हे फारसं सांगता येत नाही, प्रसंग बघा, असं त्याचं म्हणणं. हीट ट्रीटमेंटच्या सुपरवायझरनं ते पंगतीच्या वाढप्याच्या उदाहरणानं अर्ध्या मिनिटात सांगितलं.

शेवटच्या बॅचला क्वालिटीमधली एक अप्रेंटिस मुलगी आली. वाशीमकडची, २२ वर्षांची, डिप्लोमा झालेली. चाकणमध्ये कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत पाच जणी. कागद हातात घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, हे खरं लिहायचं का पास व्हायचं?”

“याच्यात पास-नापास नसतं गं.”

ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तिनं बारा मिनिटांत पेपर पूर्ण केला. रिपोर्ट आला तेव्हा नेटकेपणा ९५, मिळूनमिसळून वागणं ९३, भावनिक स्थैर्य ९६. अशी माणसं संतचरित्रांतही कमी असतात. नंतर ओळख वाढल्यावर तिनं सांगितलं, कॉलेजच्या प्लेसमेंटला अशा चार चाचण्या दिल्यात, मोबाइलवर याच्या उत्तरांचे व्हिडिओ आहेत. “दुसऱ्या वेळेला मी खरं लिहिलं होतं. तिथं घेतलं नाही.”

त्याउलट असेंब्लीचा एक लाइन सुपरवायझर. वय ३८, मोशीत टू बीएचके, वीस वर्षांचा हप्ता, त्यातली सहा झालीत. माणूस तोंडाचा गोड, शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये पोरांना हसवून कामाला लावतो. त्याची उत्तरं प्रामाणिक होती, पण जोडपत्रातला एक प्रश्न त्यानं कोरा सोडला होता. ‘जास्त पगारापेक्षा आवडीचं काम मला महत्त्वाचं वाटतं.’ मी विचारलं, राहून गेलं का? म्हणाला, “नाही मॅडम. हो लिहिलं तर तुम्ही इन्क्रिमेंटला दाखवाल. नाही लिहिलं तर म्हणाल याला कामात रस नाही.”

हा प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे, एमपीएमला पाठ केलेलं आहे. फ्रेडरिक हर्झबर्गनं १९५९ साली पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून सिद्धांत मांडला. पगार, सुरक्षितता, वरिष्ठांशी संबंध हे नसेल तर माणूस नाराज होतो, पण असलं म्हणून पेटून उठत नाही. पेटवतं ते काम स्वतः, त्यातलं यश, त्याची दखल. परीक्षेत मी यावर दहापैकी आठ मिळवले होते. पण या सुपरवायझरचे वडील गिरणगावातले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. संप कधी रीतसर संपलाच नाही. ते साताऱ्याकडं गावी परतले, हा तिथं चार वर्षांनी जन्मला. घरात ‘पगार’ हा शब्द इतर घरांत ‘देव’ म्हणतात तसा म्हटला जायचा. महिन्याच्या सात तारखेला मोबाइल वाजतो आणि खात्यात रक्कम पडते, हे त्याच्यासाठी नुसतं नाराजी टाळणं नाही. हर्झबर्गच्या हिशेबनिसांना ते तसं वाटलं असेल.

*

आता मामांकडे येते. टूलरूमचे मामा. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो, प्लँट हेडसकट. पारनेर तालुक्यातले, माळकरी, वय ५७. दिवसाला मोजून पन्नास शब्द बोलत असतील, त्यातले दहा ‘रामकृष्णहरी’त जातात.

मामांनी चाचणी फार मन लावून सोडवली. प्रत्येक विधान वाचायचं, खिडकीबाहेर बघायचं, मग चौकोन. सगळ्यांत शेवटी उठले. मी गमतीनं विचारलं, “मामा, तुमच्या भरतीच्या वेळेला होतं का असलं काही?”

म्हणाले, “होतं ना. शहाऐंशीला. फोरमननं एमएस लोखंडाचा तुकडा दिला, कानस दिली. म्हणला संध्याकाळपर्यंत काटकोनात आण. संध्याकाळी गुण्या लावला न् उजेडाकडं धरला. मधून उजेड आला की घरी.”

“आणि?”

“नाही आला.”

हे माझ्या माहितीतलं मामांचं सगळ्यात मोठं भाषण.

रिपोर्ट आला. बहिर्मुखता, शंभरात ९. खाली शेरा होता: ‘अंतर्मुख. संवादकौशल्य मर्यादित. प्रशिक्षकाच्या किंवा जनसंपर्काच्या भूमिकेसाठी शिफारस नाही.’ प्रत्येकाला त्याचा निकाल समजावून सांगायचा असा नियम, म्हणून मामांना बोलावलं. मी चाचपडत म्हटलं, “मामा, यात आलंय की तुम्ही अंतर्मुख आहात.”

मामांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. हात जोडून म्हणाले, “कुठलं हो मॅडम. प्रयत्न चाललाय.”

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. तीस वर्षं ते सप्ताहात बसतात, आणि कीर्तनकार महाराज सांगत असतात, बाबांनो, बहिर्मुख होऊन किती धावाल, अंतर्मुख व्हा. युंगचा शब्द मराठीत आणणाऱ्यांनी सोयीसाठी संतांच्या ओसरीवरचा शब्द उचलला. त्यामुळे ज्याला रिपोर्ट उणीव म्हणत होता, ती मामांना साधनेची पावती वाटली. मी शेऱ्याचा पुढचा भाग वाचलाच नाही. नियमभंगच तो. पण तुम्ही असतात तर वाचला असता का?

त्या रात्री मला झोप लागेना आणि मी शब्द मोजत बसले. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून माणसाच्या स्वभावाला, वागण्याला लावता येतील असे जवळपास १८,००० शब्द वेगळे काढले होते. कल्पना अशी की माणसांतले जे फरक जगायला महत्त्वाचे असतात त्यांना भाषेनं कधीतरी नाव दिलेलंच असतं. आजची पाच मापं त्याच यादीला गाळण्या लावत लावत निघालीत. इंग्रजी यादीला. मग मराठीत काय निघालं असतं? मोल्सवर्थचा कोश १८३१ पासून आपल्याकडे आहे, कोणीतरी बसायला हवं होतं.

मी नुसती न बोलणाऱ्यांची नावं काढली. अबोल म्हणजे बोलत नाही, पण त्यात गोडवा आहे, फुलालाही ते नाव आहे. मितभाषी बोलू शकतो, पण मोजून बोलतो. घुम्याच्या मनात काय चाललंय याची आपल्याला भीती वाटते. मुखदुर्बळाला सांगायचं असतं पण तोंडून फुटत नाही, त्याची कीव येते. भिडस्त दुसऱ्याच्या मनाला लागेल म्हणून गप्प. आतल्या गाठीचा मुद्दाम गप्प, त्याच्याशी व्यवहार जपून. तोंड मिटून काम करणारा वेगळा आणि ‘तोंडात मिठाची गुळणी धरून’ बसलेला वेगळा. कारखान्यात या सगळ्या जातींची माणसं मला नावानिशी माहीत आहेत, आणि त्यांच्यात एकमेकांशी काही साम्य नाही. रिपोर्टात ती सगळी ९ आणि १४ आणि ११.

माझा स्वतःचाही रिपोर्ट होता. सतरा वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगमध्ये अशीच चाचणी दिली होती, तेव्हा मी ठणठणीत बहिर्मुख निघाले होते. आता ४८ व्या वर्षी बरोबर मध्यावर. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, “दिवसभर बाराशे माणसांचं ऐकून आल्यावर घरी दोन तास तू भिंतीशी बोलतेस, याला चाचणी कशाला?” वयानं माणूस बदलतो हे काही गुपित नाही. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याच त्या माणसांची वर्षानुवर्षं पाहणी केलेले ९२ नमुने एकत्र केले, तर सर्वसाधारणपणे वय वाढेल तसा नेटकेपणा वाढतो, मन स्थिरावतं, असं दिसलं. बदलाचा मोठा भाग विशी ते चाळिशीत होतो. म्हणजे नोकरी, लग्न, पोरं, हप्ता यांच्या काळातच. मग बावीस वर्षांच्या मुलीच्या कपाळावर आज आकडा चिकटवून तिच्याबद्दल काय ठरवायचं?

*

ऑगस्टमध्ये सल्लागारांनी प्रेझेंटेशन दिलं. ‘पिढ्यांनुसार प्रेरणा’. तीन रंगांचे तीन खण: १९६५ ते १९८० जेन एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल, त्यानंतरचे जेन झी. जेन एक्सना स्थैर्य हवं, मिलेनियलना कामाला अर्थ हवा, जेन झीला लवचीकपणा आणि सतत फीडबॅक.

पहिल्या खणात मी आणि मामा एकत्र होतो. मी नारायण पेठेत वाढले, दूरदर्शनवर रविवार सकाळ बघत. मामा १९७२ च्या दुष्काळात सहा वर्षांचे होते. आई खडी फोडायला जायची आणि रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत, हे त्यांनी एकदा जेवताना सांगितलं होतं. या पिढ्यांची मोजणी अमेरिकेची. तिकडे युद्धावरून सैनिक परतले, पाळणे हलले, त्यावरून एका पिढीचं नाव पडलं आणि मग पुढच्यांची पडत गेली. ती साल-तारखांसह आम्ही तशीच आणून भिंतीवर लावली. आमच्या माणसांच्या पिढ्या दुष्काळ, संप, किल्लारीचा भूकंप, एमआयडीसी आली ते साल, जमीन गेली ते साल, अशा पडतात. मिलो तेवढा तिकडून आला होता.

बरं, हे मी एकटीच कुरकुरत नाहीये. अमेरिकेच्याच राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०२० साली अभ्यास करून सांगितलं की कर्मचाऱ्यांचं व्यवस्थापन करताना या पिढ्यांच्या खणांना पुरेसा आधार नाही. मी हे मीटिंगमध्ये बोलले. साहेब म्हणाले, “पॉइंट नोटेड,” आणि स्लाइड पुढे सरकली.

मला जास्त कामाची वाटते ती स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांची मांडणी. माणूस कशासाठी झटतो हे जन्माला येऊन किती वर्षं झाली यावर नाही, पुढे किती वेळ उरलाय असं त्याला वाटतं यावर ठरतं, असं त्या म्हणतात. वेळ भरपूर असला की माणूस साठवतो, ओळखी, माहिती, अनुभव. थोडा उरला की जे मनाला भिडतं तेवढंच ठेवतो. त्यांनी एचआयव्हीनं आजारी पडलेल्या तरुणांना पाहिलं, ज्या काळात त्यावर नीट औषध नव्हतं. त्यांची निवड म्हाताऱ्यांसारखी होती.

हे डोक्यात घेऊन मी सहज मस्टर बघत होते. मामांना ५८ पूर्ण होणार मार्चमध्ये. वाशीमच्या मुलीची अप्रेंटिसशिप संपणार मार्चमध्ये. स्लाइडवर एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. आणि कारखान्यात दोघांचेही उरले होते सात महिने. बाराशे माणसांत ज्याच्याकडे सगळ्यात लांबचा पल्ला होता तो मधला, मोशीचा, चौदा वर्षांचे हप्ते बाकी असलेला.

*

डोजोत, म्हणजे नव्या पोरांना हात बसवायला जो कोपरा असतो तिथं, रिपोर्टच्या शिफारशीनुसार त्या गोड बोलणाऱ्या सुपरवायझरला नेमलं. त्याचे पंधरा दिवस छान गेले. पोरं खूश, हशा बाहेर ऐकू यायचा. सोळाव्या दिवशी तो माझ्यासमोर उभा. “मॅडम, लाइनवरचा प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह डोजोत लागत नाही. महिन्याला साडेतीन हजार जातात. मला परत पाठवा.” त्याच्या ‘मोटिव्हेशन प्रोफाइल’मध्ये ‘इतरांना घडवणे: उच्च’ असं होतं. ते खोटं नव्हतंच. त्याला शिकवायला मनापासून आवडत होतं. साडेतीन हजारांनी आवडेनासं झालं नाही, परवडेनासं झालं. मी इन्सेंटिव्ह चालू ठेवण्याची नोट वर पाठवली. ती अजून वरच आहे.

१९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस नावाचा ब्रिटिश संशोधक आला होता. नवे स्वयंचलित माग बसवलेत आणि उत्पादन मात्र वाढत नाही, ही तक्रार. त्यानं विणकरांची कसलीही स्वभाव-चाचणी घेतली नाही. एकेकाला एकेक तुटक काम वाटून दिलं होतं, ते मोडून छोट्या गटांना ठरावीक माग मिळून सांभाळायला दिले. कल्पना कामगारांनीच उचलून धरली, गटही आपापले केले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माणसं तीच होती. ही गोष्ट मी आमच्या सल्लागारांना सांगितली तर ते म्हणाले, इंटरेस्टिंग, पण ते स्केल होत नाही.

मग डोजोसाठी कोणीच उरलं नाही, तेव्हा मी मामांना विचारलं. शिफारस नाही हे मला माहीत होतं, साहेबांना वाचायला वेळ नव्हता. मामांनी विचारलं, “बोलावं लागंल का?” म्हटलं, “तुम्हाला वाटेल तेवढंच.”

मामांची पद्धत अशी. पोरगा किंवा पोरगी तुकडा घट्ट धरणाऱ्या व्हाइसपाशी उभी राहते, मामा शेजारी उभे राहतात. कानस चुकीच्या कोनात गेली की मामा तिच्या मनगटाखाली दोन बोटं धरतात, मनगट वर येतं. पाय जवळ असले की आपल्या बुटानं तिच्या बुटाला हलकं ढकलतात. बस. पहिल्या आठवड्यात दोघांनी येऊन तक्रार केली, ते काहीच शिकवत नाहीत. वाशीमची मुलगी तक्रार करायला आली नाही. तिची डिप्लोमाची पहिली दोन वर्षं करोनात गेली होती. वर्कशॉपचं प्रात्यक्षिक तिनं मोबाइलच्या पडद्यावर बघितलं होतं, कानशीचं वजन किती असतं हे तिला चाकणला येऊन कळलं. क्वालिटीत असल्यामुळे तिला डोजोत यायची सक्तीही नव्हती. ती शिफ्ट संपल्यावर थांबायची, बसचा पहिला राउंड सोडून द्यायची. मी विचारलं, तुला याचं सर्टिफिकेट मिळणार नाही, माहीत आहे ना? म्हणाली, “माहीत आहे मॅडम. पुढच्या कंपनीत कोणी तुकडा दिला तर?”

प्रोफाइलमध्ये तिची प्रमुख प्रेरणा ‘त्वरित कौतुक’ अशी लिहिली होती. तिनं मुलाखतीच्या व्हिडिओत बघून तसं लिहिलं असणार. मामांनी साडेपाच महिन्यांत तिला एकदाही ‘छान’ म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

फेब्रुवारीत पेन्शनचा १०-डी फॉर्म भरून घ्यायला मी मामांना तीनदा निरोप धाडला. आले नाहीत. शेवटी मीच फाइल घेऊन डोजोत गेले. साडेपाच वाजून गेले होते, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं. मुलीनं तुकडा पुसला, गुण्या लावला आणि खिडकीकडे धरून एक डोळा मिटला. मी म्हटलं, “मामा, सह्या.”

“थांबा मॅडम, दोन मिनिटं.”

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “मामा, डावीकडून येतोय. थोडासाच.”

मामांनी बघितलं नाही. कानस उचलली आणि तिच्या हातात दिली.